निकाल ठरलेला असतो, पण ठरवतं कोण?

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात ‘माध्यमं आणि बाई’ या सत्रात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



या सत्रात मालिकांवर, जाहिरातींवर बोलणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. माझा विषय सकाळी चहाच्या वेळी कळला तेव्हा दोघी-तिघी हसल्या. मी डब्ल्यूडब्ल्यूईवर बोलणार आहे, म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीवर. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, वस्तीत किशोरींचे गट चालवणारी मी कार्यकर्ती, आणि शाळेत असल्यापासून ही कुस्ती बघते. तेव्हा टेन स्पोर्ट्सवर, भावंडांशी रिमोटसाठी मारामारी करून बघायचे. आजही बघते. नुसती बघत नाही, भांडते. कुणाला जिंकवायला हवं होतं, कुणाची कथा मध्येच का सोडून दिली, यावर मी ताटातलं गार होईपर्यंत वाद घालू शकते. तेव्हा ही चाहतीची मतं आहेत. थोडी तिखट असतील, ऐकून घ्या.

पहिला प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर दिसतोच आहे. अगं, ते सगळं खोटं असतं ना?

हो. निकाल आधी ठरलेला असतो. आपल्या मैदानात ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात आणि लोकांना संशय आला की ते मैदान डोक्यावर घेतात. तिथे सगळ्याच कुस्त्या नुरा, आणि ते आता गुपितही नाही. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्यातल्या क्रीडा नियमांतून सुटका हवी होती म्हणून कंपनीनेच सांगून टाकलं की आमची ही करमणूक आहे. आपल्याकडे वस्ताद मंडळी जोड लावतात, म्हणजे कोण कुणाशी लढणार ते ठरवतात. तिथे जोड लावणारा त्याच्या पुढे जातो. कोण जिंकणार, कसं जिंकणार, किती मिनिटांत, त्याआधी माईक कुणाच्या हातात द्यायचा आणि तिनं काय बोलायचं, सगळं तोच ठरवतो. याला बुकिंग म्हणतात. ठरल्याप्रमाणे हरणाऱ्याला ‘जॉबर’ म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. हरणं हीच त्याची नोकरी.

पण पडणं खोटं नसतं. गादीखाली लाकडी फळ्या असतात. गुडघे जातात, मानेची ऑपरेशनं होतात. मिळणारा पैसा खरा असतो, न मिळणारा तर फारच खरा. आणि वेळ खरा असतो. कुणाला किती मिनिटं दिली हे घड्याळ लावून मोजता येतं, त्यात नाटक नाही.

२३ फेब्रुवारी २०१५ ची गोष्ट घ्या. सोमवारचा तीन तासांचा कार्यक्रम. त्यात बायकांची एक जोडीची लढत होती, चार जणी रिंगमध्ये. ती साधारण तीस सेकंदांत संपली. चौघी जणी तयार होऊन, केस-मेकअप करून, वर्षानुवर्षांची तालीम अंगात घेऊन आल्या आणि अर्ध्या मिनिटात परत गेल्या. त्या रात्री चाहत्यांचा संयम सुटला. समाजमाध्यमांवर ‘गिव्ह डिव्हाज अ चान्स’ ही मागणी पुढचे काही दिवस गाजत राहिली. ‘डिव्हा’ हा कंपनीचा शब्द. पुरुष ‘सुपरस्टार’ आणि बायका ‘डिव्हा’, त्यांचा पट्टा गुलाबी फुलपाखराचा. त्याच आठवड्यात कंपनीच्या मालकाच्या मुलीने, स्टेफनी मॅकमहनने, ऑस्कर सोहळ्यातल्या समान वेतनाच्या भाषणाचं जाहीर कौतुक केलं. त्यावर कंपनीतलीच एक कुस्तीगीर, एजे ली, तिला सगळ्यांसमोर म्हणाली की तुमच्याच कंपनीतल्या बायकांच्या वस्तू विक्रमी खपतात, तरी त्यांना पुरुषांच्या तुलनेत पैसा आणि पडद्यावरचा वेळ तुकड्यानेच मिळतो. नोकरीत असताना मालकाच्या मुलीला असं सांगणं सोपं नाही. काही आठवड्यांत ती तिथून बाहेर पडली.

त्या वर्षी पुढे बदल झाले हे खरं. ऑगस्टमध्ये ब्रुकलिनला साशा बँक्स आणि बेली यांची कुस्ती झाली, माझ्या मते त्या वर्षातली सर्वांत चांगली, बाई-पुरुष धरून. २०१६ मध्ये ‘डिव्हा’ शब्द गेला, फुलपाखरू गेलं. पण कंपनीने ही गोष्ट कशी सांगितली? आम्ही बायकांना संधी दिली, अशी. कोंडून ठेवणाऱ्यानेच कडी काढायची आणि सत्काराचा हारही स्वतःच्या गळ्यात घालून घ्यायचा, हे आपल्याला काही नवीन नाही.

त्याआधी काय होतं ते तरुण मुलींना माहीत नसतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर बरीच वर्षं बायकांच्या लढती म्हणजे एकमेकींचे कपडे फाडण्याच्या लढती होत्या. १९९९ मध्ये सेबल नावाच्या त्या काळच्या सर्वांत लोकप्रिय बाईने लैंगिक छळ आणि असुरक्षित कामाच्या परिस्थितीबद्दल कंपनीवर ११ कोटी डॉलरचा दावा लावला. तो कोर्टाबाहेर मिटला. २००३ मध्ये ती परत तिथेच कामाला आली. का, ते ती जाणे. पण तक्रार मिटवून त्याच दारात परत उभ्या राहिलेल्या बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्यात.

आणि ५ मार्च २००१. मालक विन्स मॅकमहन तेव्हा स्वतःच पडद्यावर दुष्ट मालकाचं काम करायचा. कथेत ट्रिश स्ट्रॅटस ही त्याची प्रेयसी. तो तिच्यावर रागावलेला आहे. भर रिंगमध्ये तो तिला गुडघ्या-हातांवर रांगायला लावतो, कुत्र्यासारखं भुंकायला लावतो, मग अंगावरचे कपडे उतरवायला लावतो. हजारो लोक बघताहेत.

चाहत्यांमध्ये यावर एक ठरलेलं उत्तर आहे. थांब, पुढे तिने बदला घेतला ना! घेतला. १ एप्रिलला रेसलमेनियामध्ये ट्रिशने त्याच्या थोबाडीत मारली, लोक वेडे झाले. कथा म्हणून हिशेब पूर्ण. मला हा हिशेब मान्य नाही. अपमान कॅमेऱ्याने मिनिटामिनिटाने चघळला आणि थप्पड एका क्षणात संपली. शिवाय तुलना करा. त्याच काळातली सर्वांत गाजलेली कथा होती स्टीव्ह ऑस्टिन विरुद्ध हाच मालक. कामगार मालकाला भर रिंगमध्ये बदडतो, आठवड्यामागून आठवडे, आणि अख्खा देश टाळ्या वाजवतो. (त्याच १ एप्रिलला ऑस्टिनने मालकाशी हातमिळवणी केली. हा माझ्या लेखी त्या काळातला सर्वांत वाईट बुकिंगचा निर्णय. पण तो वेगळा वाद, जेवताना घालू.) पुरुष कामगाराची कथा मालकाला आडवं करण्याची आणि बाई कामगाराची कथा त्याच्यापुढे भुंकण्याची. लिहिणारं ऑफिस एकच. आणि पडद्यावरचा मालक हा बाहेरही तिचा मालकच होता, हे विसरून कसं चालेल? जानेवारी २०२४ मध्ये एका माजी महिला कर्मचाऱ्याने त्याच्यावर लैंगिक शोषणाचा दावा दाखल केला. त्याने आरोप नाकारले आणि पद सोडलं. मी इथे निवाडा देत नाही. पण त्यानंतर ते २००१ चं दृश्य मला ‘फक्त कथा’ म्हणून बघता येत नाही.

आता सुधारणेच्या काळातलं बुकिंग पाहू. जून २०१७ मध्ये बायकांची पहिली ‘मनी इन द बँक’ लढत झाली. शिडी चढून वर टांगलेली पेटी काढायची, त्यात किताबाच्या लढतीचा हक्क. पुरुषांची ही लढत २००५ पासून चालू होती. बायकांना बारा वर्षांनी मिळाली. पाच जणी लढल्या, आणि शेवटी शिडी चढून पेटी कुणी काढली? जेम्स एल्सवर्थ नावाच्या पुरुषाने. त्याने ती खाली कार्मेलाच्या हातात टाकली. कथेत ती खलनायिका, तो तिचा चमचा, त्यामुळे डाव कथेला धरून होता असं म्हणणारे होते. अहो, पण पहिल्याच वेळी? सरपंच बाई निवडून आली आणि पहिल्या ग्रामसभेत खुर्चीवर तिचा नवरा बसला, तर आपण ‘कथेला धरून आहे’ म्हणतो का? आरडाओरडा इतका झाला की नऊ दिवसांत लढत पुन्हा घ्यावी लागली.

माझ्या किशोरी गटात सर्वांत जास्त चर्चा झाली ती बेकी लिंचच्या कथेवर. ती जरा सविस्तर सांगते.

ऑगस्ट २०१८. बेकी बरेच महिने एकामागून एक कुस्त्या जिंकून किताबाच्या लढतीपर्यंत पोचलेली. आयर्लंडची मुलगी, मागे कुणी नाही. तेवढ्यात तिची मैत्रीण शार्लट दुखापतीतून परत येते आणि त्याच लढतीत तिलाही घेतलं जातं. शार्लट म्हणजे रिक फ्लेअरची मुलगी, या खेळातल्या मोठ्या घराण्याची. लढतीत शार्लट बेकीलाच चीत करते आणि किताब नेते. मग मिठी मारायला येते. बेकी मिठी मारते, आणि दुसऱ्या क्षणी तिला झोडपून काढते.

लेखकांच्या मते इथे बेकी खलनायिका झाली. मैत्रिणीवर हात उचलला, राग केला, म्हणजे वाईट बाई. पण त्या रात्री अख्खं मैदान बेकीच्या बाजूने ओरडलं. पुढच्या आठवड्यात तिच्या तोंडी प्रेक्षकांनाच बोल लावणारी वाक्यं दिली, म्हणजे लोक तिचा तिरस्कार करतील. लोकांनी तरीही टाळ्याच वाजवल्या. महिनाभरात बुकिंग करणाऱ्यांना हात टेकावे लागले.

ही क्लिप मी गटात दाखवली, तेव्हा एक मुलगी म्हणाली, “ताई, पण हिची चूक काय?” ही मुलगी घरात धाकट्या भावाच्या क्लाससाठी स्वतःचा क्लास सोडून बसलेली. तिला इंग्रजी कळत नव्हतं, शार्लट कोण ते माहीत नव्हतं. रांगेत उभं राहून नंबर आल्यावर दुसऱ्याला पुढे घेतलं की कसं वाटतं, ते तिला सांगायची गरज नव्हती. रागावलेली बाई म्हणजे वाईट बाई, हे समीकरण तिकडच्या लेखकांना इतकं पाठ होतं की समोर हजारो माणसं उलटं ओरडत असताना त्यांना ऐकू यायला वेळ लागला.

पुढे बेकीने स्वतःला ‘द मॅन’ म्हणवून घेतलं. आपल्यातल्या काही जणींना हे खटकेल. सर्वांत वरच्या जागेला नाव पुरुषाचंच का? मलाही थोडं खटकतं. पण ते बिरुद शार्लटच्या वडिलांच्या तोंडचं होतं, घराण्याची मिरास. बेकीने ती उचलून नेली, यात गंमत आहे. ७ एप्रिल २०१९ ला रेसलमेनियाची शेवटची कुस्ती इतिहासात पहिल्यांदा बायकांची झाली, बेकी, शार्लट आणि रोंडा राउझी. कंपनीच्या आकड्यानुसार ८२ हजारांवर लोक हजर. कुस्ती संपली तेव्हा मध्यरात्र उलटली होती, लोक पेंगुळलेले, आणि शेवटचा डाव असा घाईचा की रोंडाचे खांदे टेकले होते की नाही यावर आजही वाद आहे. एवढी मोठी रात्र आणि कापडाला शेवटी टाके घालायलाच विसरले. चाहती म्हणून ते मला आजही बोचतं.

मे २०२० मध्ये बेकीने आपण गरोदर असल्याचं रिंगमधून सांगितलं आणि किताब असुकाच्या हवाली केला. एरवी तिची वैरीण असलेली असुका आनंदाने तिच्या गळ्यात पडली. इतकं साधं, सुंदर दृश्य या कंपनीने फार क्वचित दाखवलंय. आणि मग ऑगस्ट २०२१. मूल झाल्यावर बेकी परत आली. बाळंतपणानंतर बाई कामावर आली, तिची जागा तिला मिळाली, आपल्याला किती हवी असलेली गोष्ट! पण समोर उभी कोण? बियान्का बेलेअर, कृष्णवर्णीय विजेती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बियान्का आणि साशा बँक्स या दोन कृष्णवर्णीय बायकांनी पहिल्यांदा रेसलमेनियाच्या एका रात्रीची शेवटची कुस्ती केली होती. ती बियान्का बेकीच्या हातून अर्ध्या मिनिटाच्या आत चीत झाली.

पुन्हा अर्धं मिनिट. २०१५ मध्ये चौघींची तीस सेकंदं होती तेव्हा सगळ्या ओरडल्या. या वेळी ‘बायकांना वेळ द्या’ म्हणायची सोय नव्हती, कारण जिंकणारीही बाईच होती. एका बाईच्या पुनरागमनाचा धक्का मोठा व्हावा म्हणून दुसरीची वर्षभराची मेहनत खर्ची घातली, आणि खर्ची घालायला कोण सापडली ते बघा. आपल्या चळवळीत दलित मैत्रिणींनी हा प्रश्न आपल्यालाच किती वेळा विचारलाय, ते मी सांगायला नको. बियान्काने एप्रिल २०२२ च्या रेसलमेनियात बेकीला हरवलं, तीही कुस्ती फार छान झाली. सात महिने मात्र तिला पराभूत म्हणून वावरावं लागलं.

हे सगळं नाकारायचा हक्क कुस्तीगीर बाईला आहे का? कंपनी त्यांना कर्मचारी मानत नाही, स्वतंत्र कंत्राटदार म्हणते. आणि करार असा की दुसरीकडे कुस्ती करता येत नाही. बिडी कामगार, घरेलू कामगार बायकांबरोबर काम करणाऱ्यांना यातलं कुलूप लगेच दिसेल. तिथे कुस्तीगिरांची संघटना नाही. १९८५ मध्ये वेंडी रिक्टर ही मोठी विजेती होती, पैशांवरून तिचा कंपनीशी वाद चालू होता. २५ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिच्यासमोर मुखवटा घातलेली ‘स्पायडर लेडी’ उभी केली. मुखवट्याआड होती जुनी विजेती फॅब्युलस मूला. रिक्टरचा खांदा वर असताना पंचाने भराभर तीन मोजले आणि किताब गेला. तिला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. पुरुषांमध्ये ब्रेट हार्टला असंच १९९७ मध्ये मॉन्ट्रियलला फसवलं, त्यावर माहितीपट निघाले, ते चाहत्यांच्या पोरासोरांना पाठ आहे. बारा वर्षं आधी हाच डाव एका बाईवर झाला होता, तो फार कमी जणांना आठवतो. या मूलाबद्दल तिच्या शिष्यांचे पैसे खाण्याचे आणि त्याहून गंभीर आरोप आहेत. २०१८ मध्ये बायकांच्या एका लढतीला तिचं नाव दिलं, तेव्हा चाहते आणि प्रायोजक दोघंही चिडले आणि काही दिवसांत ते काढावं लागलं.

मे २०२२ मध्ये साशा बँक्स आणि नेओमी या जोडीच्या विजेत्या, ठरवलेली कथा पटली नाही म्हणून पट्टे ऑफिसात ठेवून कार्यक्रमाआधी निघून गेल्या. कंपनीने त्यांना निलंबित केलं आणि समालोचकाकडून प्रेक्षकांना ऐकवलं की दोघींनी सगळ्यांना निराश केलं. दोन जणींचं काम बंद आंदोलनच ते. मी त्या आठवड्यात फार खूश होते. नेओमी २०२४ मध्ये परत आली आणि जुलै २०२५ मध्ये फक्त बायकांच्या ‘इव्होल्यूशन’ या कार्यक्रमात विजेती झाली. असा पहिला कार्यक्रम २०१८ मध्ये झाला होता. दुसऱ्याला सात वर्षं लागली.

जपानचं थोडं सांगते, कारण तिथे बघणारं डोळ्यांचं जंगलच वेगळं होतं. ऐंशीच्या दशकात ऑल जपान विमेन्स या कंपनीच्या कुस्त्यांना शाळकरी मुली गर्दी करायच्या. चिगुसा नागायो आणि लायनेस असुका या जोडीवर त्या जीव टाकायच्या. २८ ऑगस्ट १९८५ ला ओसाकामध्ये चिगुसा खलनायिका डंप मात्सुमोतोकडून हरली आणि ठरल्याप्रमाणे रिंगमध्येच तिचं मुंडण झालं, तेव्हा मैदानभर मुली हमसून रडत होत्या. डंप जाडजूड, तोंडाला रंग फासलेली, हातात काठी आणि साखळी. तिला सुंदर दिसायची सक्ती नव्हती. मुलींसमोर मुलींसाठी खेळ केला की कपडे फाडायची गरज कुणाला पडली नाही. पण कंपनी चालवणारे तिथेही पुरुषच, आणि पंचविशीनंतर बाईने निवृत्त व्हावं असा नियम.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? १९५४ मध्ये हमीदा बानू नावाची पैलवान बाई पुरुषांना आव्हान देत फिरत होती, मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन म्हणून. बडोद्याला तिने बाबा पहेलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत हरवलं. पुण्यात तिची पुरुषाशी कुस्ती कुस्तीसंघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. कोल्हापुरात ती जिंकल्यावर लोकांनी दगड मारले, कुस्ती बनावट म्हणाले, पोलीस बोलवावे लागले. तिने तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली, तर उत्तर आलं की बाई म्हणून बंदी नाही, आयोजक तिच्यासमोर नकली पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत. असतीलही. नुरा कुस्त्या पुरुषांच्याही होत होत्या. त्यामुळे पुरुषांच्या कुस्त्या बंद पडल्या का, हे मात्र त्या उत्तरात नाही.

आता मी दोन कुस्त्या दाखवणार आहे. एक ओसाकाची, एक २०१५ ची तीस सेकंदांची. बघताना प्रत्येकीने वहीत दोनच गोष्टी लिहायच्या: बाई लढत असताना कॅमेरा कुठे आहे, आणि घड्याळात किती मिनिटं झाली. संध्याकाळी तुमच्या तुमच्या मालिकांचं हेच मोजायचंय, त्यासाठी गट पाडले आहेत. अमेरिकेचीच आधी लावते. पाणी प्यायला उठू नका, परत येईपर्यंत संपलेली असेल.